त्याच मापाचा फ्यूज

धाडकन नव्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला. "सांगत होतो, मोठा घाल!" फिटर मामा भाचीवर खेकसले. "चालू होताना हा दहापट करंट ओढतो." "क्षणभरच, मामा. तेवढं सोसेल असाच निवडलाय." इंजिनिअर म्हणून तिचं पहिलंच काम, अख्खा कारखाना खोळंबलेला. मामा जाडजूड फ्यूज घेऊन निघाले, तशी ती आडवी आली. "आधी कारण शोधू!" मेन स्विच बंद करून दोघं ट्रान्सफॉर्मरच्या मागे गेले. "सापडलं!" ती ओरडलीच. मामांनी चाचणीपुरती जोडलेली अर्थिंगची तार तशीच राहिली होती; सगळा करंट तिच्यातून थेट जमिनीत जात होता. मोठा फ्यूज टिकला असता आणि ट्रान्सफॉर्मर जळला असता. तार काढून, त्याच मापाचा फ्यूज बसवून तिनं स्विच ओढला. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, मग संथ घुमू लागला. फ्यूज शाबूत! ती नाचलीच. मामांनी जळका फ्यूज खिशात घातला. "माझ्या चुकीचा मार यानं खाल्ला, पोरी."