न चाखलेला ग्लास

"तू बस. आज कशाला हात लावायचा नाहीस," असं म्हणत नवऱ्याने ओट्यावर जिनची बाटली ठेवली.

ती बसली. पलंगाखाली तिची बॅग भरून तयार होती. सकाळी बहीण न्यायला येणार होती. त्याला याचा पत्ताच नाही, अशी तिची समजूत होती. पण दुपारी पाहिलं तर बॅग जागची सरकलेली.

नवरा हॉटेलच्या बारमध्ये पेयं बनवायचा. लोकांना पाजता पाजता स्वतःच बुडाला होता. महिन्यापूर्वी तिने "मी चालले" म्हटलं, तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला. "गेलीस तर जिवंत जाणार नाहीस," म्हणाला. त्यानंतर मात्र त्याचा आवाज कधी चढला नाही. कपड्यांना दारूचा वास कामामुळे रोजचाच, पण माणूस घुम्यासारखा गप्प. त्या गप्प राहण्याचीच तिला जास्त भीती वाटायची. आणि परवा त्याचा कोट झटकताना खिशातून गोळ्यांची पट्टी पडली. निम्मी रिकामी, नाव अनोळखी. एरवी हा डोकं दुखलं तरी गोळीला शिवत नसे.

त्याने लिंबं पिळली, संत्र्याचा रस काढला. आलं ठेचलं, हिरव्या मिरचीच्या चकत्या केल्या.

"मिरची बेताने," ती म्हणाली.

"तुझ्यापेक्षा सौम्यच आहे."

ती हसली नाही. एरवी तो दोघांचं पेय एकाच भांड्यात हलवायचा. आज पाठमोरा उभा राहून त्याने दोन वेगवेगळी बनवली. एक ग्लास तिच्यापुढे ठेवला, एक स्वतःच्या जागी. रंग तोच, वर तरंगणारी मिरचीची चकतीही तशीच.

त्याची एक सवय तिला लग्नापासून ठाऊक होती. कोणाचंही पेय पुढे करण्याआधी तो त्यात नळी बुडवायचा, वरचं तोंड बोटाने दाबून थेंबभर जिभेवर सोडायचा. तापाने फणफणलेला असतानाही हे चुकलं नव्हतं. आज नळी ओट्यावर कोरडीच पडली होती.

"चाखलं नाहीस?"

"आज तुझ्या जिभेवर सोपवलंय," तो म्हणाला आणि संत्र्याची साल काढायला वळला.

पुढचा विचार तिने केलाच नाही. आवाज न करता ग्लास बदलले, इतकंच.

त्याने दोन्ही ग्लासांवर साल पिळली, समोर बसला. "एका दमात घ्यायचं. तिखट रेंगाळलं की जास्त झोंबतं."

त्याने ग्लास रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. तिने ग्लास नुसताच धरून ठेवला होता.

"तुझी बॅग पाहिली," तो घसा खाकरत म्हणाला. "म्हणून आजच सांगतो. दारू सोडली मी. महिना झाला. त्यासाठीच गोळ्या घेतोय. त्या चालू असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझं चाखलं नाही ते त्यामुळेच. माझ्यात तर नुसतं..."

तो थांबला. रिकामा ग्लास त्याने नाकाशी नेला. कानांपासून गळ्यापर्यंत तो लालबुंद होत चालला होता.

तिने हातातला ग्लास ओठांना लावला. लिंबू होतं, संत्रं होतं, आलं होतं, मिरची होती. जिन नव्हती.