गुळाचा खडा

बसथांब्यावर अनसूयाबाईंनी पिशवीतला डबा हलवून पाहिला. आज तो खुळखुळला नाही. त्यांनी झाकण उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

मुलांच्या इस्पितळात परगावाहून आलेल्या आईबापांसाठी त्या रोज जेवण पोचवायच्या. किनवटचं एक जोडपं आदल्या दिवशीचा डबा घासूनपुसून परत करायचं आणि त्यात न चुकता गुळाचा खडा असायचा. "रिकामं भांडं परत देऊ नाही," असं त्यातल्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून पोर अन्नाला शिवत नव्हती.

आज बापानं खाली मान घालून डबा हातात दिला होता. आलेली बस सोडून अनसूयाबाई तशाच माघारी फिरल्या.

वॉर्डाच्या दारात आई उभी होती. त्यांना पाहताच ती ओशाळली.

"चुकलं ताई. खडा ठेवला व्हता, पण पोरीनं डब्यात हात घातला अन् खाल्ला."

"अगं, मग दुसरा ठेवायचास!" बाई धापा टाकत म्हणाल्या.

"ठेवला की. त्यो बी खाल्ला."