रुमालाची घडी

"बाहेर इंग्रजी मेनू नाही, म्हणजे अस्सल!" म्हणत बायकोनं मला लिऑनच्या बोळातल्या खानावळीत ओढलं. आम्ही पॅरिसहून दोन दिवसांपुरते आलो होतो. भिंतीवर लाकडी खण होते, एक सोडून प्रत्येकात घडी केलेला रुमाल. "रोजच्या गिऱ्हाइकांचे," मालकीणबाई म्हणाल्या. ती गिऱ्हाइकं खाली मान घालून मुकाट जेवत होती. आतड्याचं सॉसेज झकास होतं. जेवण उरकल्यावर मी सवयीनं रुमालाची घडी घातली. "हॉटेलात घडी घालतं का कुणी, गावंढ्या?" बायको हसली, तिनं आपला चुरगाळून टाकला. सगळे काटेचमचे थांबले. मालकीणबाईंनी माझा रुमाल रिकाम्या खणात ठेवला. "घडी घातलीत, म्हणजे राहणार." "छे हो, उद्या आमची गाडी आहे!" मी हसलो. बायकोनं उठून कोट चढवला आणि माझ्याकडे न बघताच मालकीणबाईंना म्हणाली, "बाई, एकटीच आले होते, पण एकटं वाटलंच नाही!"