पांढरी रेघ

“थेंब कधी पडतो? गाडी उभी असताना, की पळवून आणल्यावर?” थोरल्याने विचारलं.

“पळवून आणल्यावर,” चष्मेवाला म्हणाला आणि त्याने शर्टाची बाही मनगटावर ओढली.

“बघतो. माझ्या हाताने चालेल ना?”

चष्मेवाल्याने किल्ली पुढे केली. त्याचं चष्म्याचं दुकान पुढच्याच चौकात, पण अकरा वर्षांत तो या गॅरेजची पायरी चढला नव्हता. ही मोटरसायकलही अकरा वर्षं घरामागे कापडाखाली होती. कधीमधी चालू करायची, बंद करायची, एवढंच.

थोरल्याने इंजिनखाली पुठ्ठा सरकवला आणि स्टूल ओढून बसला. “आधी थंड होऊ दे. आत कूलंटचं पाणी उकळतंय. घाईत हात घातला की कातडी सोलून निघते.”

“हो,” चष्मेवाला म्हणाला. हात त्याने खिशात घातला.

समोरच्या भिंतीवर दोन रांगांत पाने टांगलेले होते. खालची रांग काळवंडलेली, रोजच्या वापरातली. वरची नुसती तेल लावून ठेवलेली, कुणाचा हात न लागलेली. ती थोरल्याच्या धाकट्या भावाची. चष्मेवाल्याने नजर जमिनीवर नेली.

गाडी थंडावली तसा थोरला कामाला लागला. रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवलं, झाकणाचं रबर दाबून पाहिलं. मग पंपाखालच्या बारीक भोकावर फडकं लावलं. “आतलं सील गेलं की इथून रडते गाडी. हे कोरडं आहे.” त्याने रेडिएटरला हातपंप जोडला आणि हवेचा दाब दिला. काटा चढला, थांबला, आणि हळूहळू खाली आला. खालच्या पाइपाच्या तोंडाशी हिरवा थेंब फुगला.

“इथून,” थोरला म्हणाला. त्याने पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प आवळला, पुन्हा दाब दिला. काटा जागचा हलला नाही. मग रंगाची डबी उघडून त्याने स्क्रूवर आणि क्लॅम्पवर मिळून एक पिवळी रेघ ओढली.

ही बापाने घालून दिलेली शिस्त. ज्याने आवळलं त्याने रेघ ओढायची. थोरल्याची पिवळी, धाकट्याची पांढरी. स्क्रू फिरला की रेघ तुटते, मग चूक कुणाची हे वेगळं विचारावं लागत नाही.

“जुनी रेघ तुटली होती,” चष्मेवाला म्हणाला.

“दिसली.”

“स्क्रूवर पकडीचे दात उमटलेत.”

“दिसले. जुनी गाडी आहे, चालायचंच. दुसऱ्याचे डोळे तपासता, जरा माझेही चांगले आहेत असं समजा.”

झालं. तोंडाने सांगायची गरज पडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि हा बाबा काही विचारायलाच तयार नाही.

अकरा वर्षांपूर्वी हाच क्लॅम्प धाकट्याने आवळला होता. त्याच संध्याकाळी गाडी वळणावर आडवी झाली. मागच्या चाकावर कूलंट, पाइप सुटलेला, पांढरी रेघ तुटलेली. चष्मेवाल्याच्या बायकोचा गुडघा कायमचा गेला. थोरला रात्री दवाखान्यात दोघांना बघून आला आणि सकाळी त्याने भर रस्त्यात, पन्नास माणसांदेखत, धाकट्याच्या कानाखाली वाजवली. “दादा, मी आवळला होता रे,” एवढंच धाकटा म्हणत राहिला. त्याच आठवड्यात तो परगावी गेला. तिथे बसगाड्या धुवायचा. पान्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. गेल्या महिन्यात वारला.

“त्याने आवळला होता,” चष्मेवाला म्हणाला.

थोरला ब्रश पुसत राहिला.

“बायकोपुढे मिजास करायला वळणावर गाडी जोरात घातली मी. पडलो. ती रस्त्यावर विव्हळत होती आणि मी पक्कड शोधत होतो. लोक जमायच्या आत क्लॅम्प ढिला केला, पाइप उपसला, चाक भिजवलं. बायकोला अजून माहीत नाही. आजही मीच ढिला केला, त्याच पकडीने. वाटलं, तुम्ही दात बघाल, विचाराल. तुमचा सोन्यासारखा भाऊ माझ्यामुळे गेला. मला मारा, चौकात नेऊन मारा, पण त्याच्यावरचा डाग तेवढा पुसा.”

तो मान खाली घालून उभा राहिला. बायकोला आज सांगायचंच, असं ठरवून तो घरून निघाला होता. एक थोबाडीत बसली असती तर पुढचं सोपं गेलं असतं.

“बाही वर करा,” थोरला म्हणाला.

चष्मेवाल्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी, चुरगळल्यासारखी.

“गाडीवरून पडलेला माणूस खरचटतो. असा भाजत नाही,” थोरला म्हणाला. “तापलेल्या इंजिनाचा पाइप हाताने उपसला तरच असं होतं. दवाखान्यात नर्स पट्टी बांधत होती, तेव्हाच बघितला होता मी हा हात.”

चष्मेवाल्याने बाही खाली ओढली. “म्हणजे त्याच रात्री... मग सकाळी त्याला का मारलंत?”

थोरल्याने वरच्या रांगेतल्या पान्यांकडे पाहिलं. मग रंगाच्या डबीचं झाकण अंगठ्याने घट्ट दाबलं.

“मी इथे रिकामा बसलेला असायचो, आणि गिऱ्हाईक माझ्याच तोंडाकडे बघून विचारायचं, धाकटा कुठंय? तुम्हीही त्या दिवशी हेच विचारलं होतंत.”