फोन ठेवू नको

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, मॅडम. मी सांगतो तसं करा, नाहीतर सगळं उडून जाईल." फोनवरचा माणूस घाईघाईनं हिंदीत बोलत होता.

नावडे गावच्या जमुनाबाई असल्या फोनला फसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कॉलनीतल्या बायकांना कॉम्प्युटर त्याच शिकवायच्या आणि असा फोन आला की लगेच कट करा, असंही बजावायच्या. पण आज त्यांचं बोट लाल बटनापाशीच अडलं. आवाज त्यांच्या मुलाचा होता. प्रितेश नोकरीसाठी म्हणून परदेशी गेला आणि दिवाळीपासून त्याचा काहीच पत्ता नव्हता.

"प्रितेश?" त्या कशाबशा पुटपुटल्या.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला आणि घरच्या बोलीत म्हणाला, "आये, फोन ठेवू नको. चोरून तुझा नंबर लावलाय. यांनी आमाला कोंडून ठेवलाय. फोन लगेच कट झाला का मारतान."

मागून कुणीतरी दरडावलं. तो पुन्हा मोठ्यानं हिंदीत सुरू झाला, "मॅडम, समझ में आ रहा है ना?"

जमुनाबाईंनी हातानं फोन झाकून नवऱ्याला दोन शब्दांत सांगितलं. कमळाकर आपला मोबाइल घेऊन पोलिसांना कळवायला बाहेर धावले. जमुनाबाईंनी फोन पुन्हा कानाला घट्ट धरला.

"साहेब, मला कॉम्प्युटरमधलं कायच कळत नाय. तो चालू कसा करायचा, तिथपासून सांगा. सावकाश सांगा."