आनेकलच्या रंगमंदिरातील रसिक

आनेकलच्या मराठी मंडळींनी सन १९५८ मध्ये पदरमोड करून उभारलेले ते रंगमंदिर खरोखर देखणे होते. सायंकाळी तेथे पहिला प्रयोग होता. प्रथमच नायिका होणाऱ्या सत्यवतीचा स्वर मोकळा झाला नाही, तर आजवर स्त्रीभूमिका करणारे गुंडोअण्णाच पुन्हा नायिका होणार होते.

"मला मिशा उतरवायला लावू नकोस, पोरी! स्वल्प मोकळी गा," तिच्याजवळ पेटीच्या साथीला बसलेले गुंडोअण्णा म्हणाले.

पडद्याआड ती भीत भीत गायली. सभागृहातून मागणी आली, "वन्स मोअर!"

तिने पडदा सारून पाहिले. बाके रिकामी होती. दारांना आतून कड्या होत्या.

रसिकाची मागणी नाकारण्याची रीत नव्हती. ती पुन्हा गायली. "वन्स मोअर!" आता आवाज पहिल्या रांगेतून आला. तिसऱ्यांदा तिचा स्वर असा लागला, की गुंडोअण्णांचे डोळे भरून आले.

या वेळी मागणी पडद्याच्या आतून, तिच्या कानाशी आली.

गुंडोअण्णा मान वर न करता पुटपुटले, "गा, सत्यवती. थांबू नकोस."