हेडलाइटची जाळी

“परत फोडलीत?” मनोज गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “सुयशभाऊ, तुम्ही गाडी चालवता की डंपरशी मारामारी करता?”

सुयशला हसू आलं नाही. त्याने मोटरसायकलच्या टाकीवर बसलेल्या लेकीला, ओवीला उचलून स्टुलावर ठेवलं आणि हेडलाइटच्या काचेला पडलेलं भोक दाखवलं. “तूच सांग आता. काय करू मी? गाडी डोक्यावर घेऊन जाऊ कामाला?”

काल्हेरच्या रस्त्यावर दिवसभर खडीचे डंपर धावायचे. वर ताडपत्री असायची, पण नावाला. खड्ड्यात चाक आपटलं की मागच्या फळीवरून खडी सांडायची आणि पुढे चाललेल्या गाडीच्या टायरखालून गोळीसारखी उडायची. सुयशने काचेवर पारदर्शक कागद चिकटवून पाहिला. तो उन्हाने पिवळा पडला आणि दिव्याचा उजेड हळदीच्या दुधासारखा झाला. डंपरपासून लांब राहून पाहिलं. लांब राहिलं की मधल्या जागेत रिक्षा घुसायची. शुक्रवारी सकाळी ओवीला शाळेत सोडताना पुन्हा खाडकन आवाज झाला. त्याने तिथेच कडेला गाडी लावली आणि निघून गेलेल्या डंपरला इतक्या मोठ्याने शिव्या दिल्या की पानवाला टपरीतून बाहेर येऊन बघत राहिला.

“इधर कोणाचीच काच टिकत नाही,” मनोज म्हणाला. “जाळी लावून टाका. लोखंडी.”

तेवढ्यात नीरजाचा फोन आला. “अहो, जेवायला येताय की गॅरेजमध्येच राहताय? रविवारसुद्धा त्या काचेला दिलात!”

“अगं, गोडाऊनमधून सुटतो तेव्हा काळोख झालेला असतो. परवा एका रिक्षाच्या उजेडामागे चिकटून कामतघरला घरी आलो. ती वळली असती तर मी गटारात होतो. हा दिवा धड राहिला तर मी धड घरी येईन. कळतंय का?”

नीरजाने फोन ठेवला. सुयशने तीन जाळ्या नापसंत केल्या. एकीची भोकं मोठी, एकीची तार बारीक, एक नुसतीच शोभेची. चौथी बसवून झाल्यावर त्याने रस्त्यावरची मूठभर खडी उचलली आणि चार पावलांवरून जाळीवर मारली. टण टण आवाज करत खडी खाली पडली. काचेला काही झालं नाही. मनोजने कपाळाला हात लावला. “स्वतःच्याच गाडीला दगड मारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं मी.”

सुयश मात्र कित्येक दिवसांनी खुशीत होता.

सोमवारी सकाळी त्याने ओवीला नेहमीसारखं पुढे, टाकीवर बसवलं. मागे बसली की ती पेंगायची. पुढे बसली म्हणजे डोळ्यांसमोर राहायची. त्याने हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली.

काल्हेरच्या रस्त्याला लागताच ओवीने दप्तर छातीशी धरलं. समोर डंपर दिसला, तशी ती पुढे वाकली आणि दप्तर थेट तोंडासमोर धरलं. हँडल हललं.

“ओवी! नीट बस. मला पुढचं दिसत नाहीये.”

ती सरळ झाली. पण पुढचा डंपर आला, आणि पुन्हा दप्तर वर.

“अगं, काय चाललंय? पडू ना आपण दोघं!”

“बाबा, हळू चालव ना. मागे राहूया.”

“कशाला मागे राहायचं? आता जाळी आहे आपल्याला.” त्याने गाडी पुढे दामटली. एवढे दिवस उगाच घाबरत होतो, असं त्याला वाटलं. डंपर खड्ड्यात दणकला, फळीवरून खडी सांडली, आणि जाळीवर टणटण आवाज झाला. “ऐकलंस? एकसुद्धा दगड आत नाही गेला!” तो आनंदाने ओरडला.

ओवी टाकीवर पालथी पडल्यासारखी झाली होती. दोन्ही हातांनी तिने डोकं झाकलं होतं. दप्तर घसरून हँडलमध्ये अडकलं, गाडी डगमगली, आणि मागच्या टेम्पोवाल्याने कर्कश हॉर्न वाजवला. सुयशने कशीबशी गाडी कडेला घेतली.

आता मात्र त्याचा पारा चढला. हेल्मेट काढून त्याने तिला खाली उतरवलं. “वैताग आणलास तू! दुसरीत गेलीस ना? लहान बाळ आहेस का? काल तुझ्यासमोर दगड मारून दाखवले. काही झालं का काचेला?”

ओवीने मान हलवली.

“मग? सांग ना, मग कसली भीती वाटते?”

ती बुटाने माती उकरत राहिली. मग बाबांचा चेहरा हळूच पाहिला. गणवेशाचं वरचं बटण काढून तिने कॉलर बाजूला केली. गळ्याखालच्या हाडावर काळानिळा डाग होता आणि त्याच्या मधोमध खपली.

“शुक्रवारी दोन दगड आले होते, बाबा. तू काचेसाठी केवढा ओरडत होतास, म्हणून मी माझा नाही सांगितला.”